टाकेबाई आणि लाल तुऱ्यांचं झाड

तिनं पहिला टाका घातला तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि सुई शिवणाच्या डब्यातली होती.

थोरल्या भावानं धाकट्याच्या कपाळावर पातेल्याचं लोखंडी झाकण हाणलं होतं. भुवईच्या वर इतकं फाटलं होतं की आतलं पांढरं दिसत होतं. आई कामाला गेलेली. वडील आत झोपलेले होते, पण त्यांना उठवावं असं तिघांपैकी कुणाच्याही मनात आलं नाही. ते उठले असते तर दोघांनाही कमरेच्या पट्ट्यानं सोलून काढलं असतं आणि फाटलेलं कपाळ फाटलेलंच राहिलं असतं. म्हणून तिनं धाकट्याला मोरीत बसवलं, त्याच्या तोंडात टॉवेलचा बोळा कोंबला, सुई काडीवर तापवली आणि काळ्या दोऱ्यानं तीन टाके घातले. थोरल्यानं त्याचे हात धरून ठेवले. मारणाराही तोच आणि धरणाराही तोच. टाके वाकडे पडले, जखम पिकली, पण बुजली. आई संध्याकाळी आली, तिनं ते कपाळ पाहिलं आणि एवढंच विचारलं, की दोरा तरी धुऊन घेतला होतास ना.

घरात तिला मधली म्हणत. वर थोरला, खाली धाकटा, दोघांच्या मध्ये ही. वडिलांची लाकडाची वखार होती. वखारीतल्या ओंडक्याला आणि घरातल्या माणसाला त्यांचा हात सारखाच लागायचा. मुलीच्या जातीवर आपण हात टाकत नाही, हे ते चारचौघांत छाती फुगवून सांगत, आणि ते खरंही होतं. तिला ते आतल्या खोलीत ढकलत आणि बाहेरून कडी लावत. मग बाहेर जे व्हायचं ते तिनं नुसतं ऐकायचं. पट्टा सुटला की कसा आवाज येतो, अंगावर बसला की कसा आणि चुकून भिंतीवर बसला की कसा, हे तिला डोळे मिटून सांगता आलं असतं.

वडील गेले ते ओंडका अंगावर येऊन. साखळी सुटली, ओंडका रचलेल्या ढिगावरून गडगडत खाली आला आणि त्यांना भिंतीशी चेपून गेला. थोरला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. माणसं पांगल्यावर त्यानं तोच ओंडका यंत्रावर चढवला आणि संध्याकाळपर्यंत त्याच्या फळ्या पाडल्या. घरात कुणी रडलं नाही. आई रडली, पण तिला कशाचं रडू येतंय हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

वडील गेले म्हणून मारामारी गेली नाही. आता ती दोघा भावांत वाटली गेली. थोरला वखार बघायचा, धाकटा टेम्पो चालवायचा, आणि दोघांचं सख्य विळ्या-भोपळ्याचं. एकदा थोरल्यानं टेम्पोची काच फोडली, तर धाकट्यानं त्याची तीन बोटं दारात चेमटवली. एकदा धाकट्यानं जेवताना ताट फेकलं ते थोरल्याच्या कानाला चाटून गेलं आणि कानाची पाळी लोंबायला लागली. मधली तेव्हा सरकारी दवाखान्याच्या अपघात विभागात मलमपट्टीच्या कामावर लागली होती. तिथं तिला खरी सुई, खरा दोरा आणि खरं शिक्षण मिळालं. लांब जखमेला पहिला टाका मधोमध घालायचा आणि मग दोन्ही बाजूंना सरकायचं, म्हणजे कातडी चुणत नाही, हे एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी शिकवलं. टाके घालणं हे डॉक्टरांचं काम, पण विभागात गर्दी उसळली की डॉक्टर तिच्याकडे बघून मान हलवत. गिरणीत चिरडलेले अंगठे, दारूच्या गुत्त्यावर फुटलेली डोकी, नवऱ्यांनी फोडलेले ओठ असं सगळं तिच्या हाताखालून गेलं. गल्लीत तिचं नाव पडलं टाकेबाई. कुणाला लागलं की लोक आधी तिचं दार वाजवत.

तिनं लग्न केलं नाही. दवाखान्यातल्या एका कंपाउंडरनं विचारलं होतं. ती त्याला म्हणाली की मी घरातून निघाले तर महिन्याभरात एक भाऊ मेलेला असेल आणि दुसरा तुरुंगात. त्याला ती थट्टा वाटली. वर्षभर वाट पाहून त्यानं दुसरीकडे जमवलं.

आई अंथरुणाला खिळल्यावर वाटण्या झाल्या. पुढचा भाग आणि वखार थोरल्याला, मागचा भाग धाकट्याला, आणि मधल्या दोन खोल्या अन् त्यांच्या लगतची दहा पावलं रुंद पट्टी मधलीला. आईनं कागदावर तसं लिहून घेतलं आणि तिला जवळ बोलावून सांगितलं, “तू मध्ये राहा. तू मध्ये असलीस तर एकमेकांचा जीव घेणार नाहीत.” हा हिस्सा होता की पहारा, हे मधलीनं विचारलं नाही. त्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना छातीइतक्या उंच भिंती घातल्या गेल्या. आई गेली, आणि त्यानंतर दोघांच्या विटा, बाटल्या, शिव्या या पट्टीवरूनच इकडून तिकडे जायला लागल्या. ज्या नेम चुकून मध्येच पडत त्या हिच्या वाट्याला. सुट्टीच्या दिवशी ती बादली घेऊन काचा वेचायची. एकदा वाळत घातलेल्या चादरीतून आरपार गेलेला खिळ्यांचा लाकडी दांडा तिला सापडला. ती चादर तिनं तशीच घडी घालून ठेवली.

झाड आलं ते दवाखान्याच्या माळ्याकडून. कुंपणापाशी तो कसलेसे फुटवे उपटून फेकत होता. तांबूस काड्या, त्यांच्यावर मखमलीसारखी लव, टोकाला पिसासारखी कातरलेली पानं. मागच्या बाजूला त्याचंच मोठं झाड उभं होतं, डोक्यावर गडद लाल तुरे घेऊन. मधलीनं एक फुटवा मागितला. माळी म्हणाला, नेऊ नका बाई, हे झाड लावणाऱ्याचं राहत नाही. मुळं जमिनीखालून धावतात आणि दहा पावलांवर डोकं काढतात. कापलं तर आणखी चवताळतं, एकाचे वीस करतं. न्यायचंच असेल तर भोवती दोन हात खोल पत्र्याचं कडं पुरा.

तिनं विचारलं, “किती दिवसांत दाट होतं?”

“तीन वर्षांत पलीकडचं माणूस दिसणार नाही.”

तिला तेवढंच हवं होतं. पत्र्याचं कडं तिनं मुद्दामच पुरलं नाही.

माळ्याचा शब्द खरा ठरला. पहिल्या वर्षी एक खोड, दुसऱ्या वर्षी नऊ, आणि तिसऱ्या वर्षी तिनं मोजणं सोडलं. उन्हाळ्यात पट्टीत हिरवा अंधार व्हायचा. थंडी लागायच्या आधी पानं आधी शेंदरी, मग लालभडक व्हायची, आणि पानं गळून गेली तरी तुरे हिवाळाभर उभे असायचे. ती कामावरून आली की खुर्ची टाकून त्यात बसायची. आयुष्यात पहिल्यांदाच तिला घरातून एकही भाऊ दिसत नव्हता, आणि ते दोघंही एकमेकांना दिसत नव्हते. विटा येणं हळूहळू थांबलं. जो दिसतच नाही त्याच्यावर फेकणार काय? चार वर्षं, नीट मोजून चार वर्षं, तिनं दोघांपैकी कुणालाही टाका घातला नाही. फुटवे भिंतीच्या दिशेनं निघालेत हे तिला दिसत होतं. आपण कोयता घेऊन ते मागे हटवायला हवेत हेही कळत होतं. पण कामावर दिवसभर रक्त पुसून आलेल्या बाईला त्या काड्यांवर कोयता चालवावासा वाटत नव्हता.

त्या शांततेच्या पाचव्या वर्षी झाड भिंतीखालून दोन्हीकडे गेलं.

थोरल्याच्या वखारीत फळ्यांच्या ढिगाखालून फुटवे आले आणि ढीग कलता झाला. त्यानं ते कुऱ्हाडीनं उडवले. महिन्याभरात तिप्पट आले. धाकट्याच्या मागच्या अंगणात फरशा उचलल्या गेल्या. त्यानं उकळतं पाणी ओतलं, मग मीठ, मग रॉकेल. झाडाचा पांढरा चीक हातावर वाळून काळा पडायचा आणि आठवडाभर निघायचा नाही, त्यामुळे दोघंही भाऊ काळे हात घेऊन हिंडत होते. दोघंही मधलीला येऊन सांगून गेले, की हे झाड काढ. तिनं दोघांनाही हो म्हटलं आणि काढलं नाही. इथं तिची चूक होती, आणि ती तिला तेव्हाही माहीत होती.

मग धाकट्यानं टेम्पोच्या जुन्या बॅटरीतलं अॅसिड काढलं आणि मुळांच्या वाटेवर जागोजागी ओतलं. थोरल्याकडे जायच्या गल्लीतही ओतलं, कारण मुळं तिथूनही जात होती. थोरल्याची बायको पहाटे अनवाणी पाणी भरायला गेली आणि तिचा पाय त्या ओलीत पडला. तिला आधी वाटलं, थंडीनं झोंबतंय. मधली धावत गेली तेव्हा वहिनीच्या तळव्याची कातडी मोज्यासारखी सुटत होती. मधलीनं तिचा पाय अर्धा तास नळाखाली धरला. वहिनी किंचाळायची थांबली आणि दातावर दात वाजवत एकच वाक्य म्हणत राहिली, की ह्यांना सांगू नका, ताई, ह्यांना सांगू नका.

सांगावं लागलंच नाही. थोरल्यानं दारातून तो पाय पाहिला होता. तो यंत्राजवळची लोखंडी पहार घेऊन मागच्या घरी गेला. धाकटा दाढी करत होता. पहिला फटका खांद्यावर बसला आणि गळ्याजवळचं हाड काडीसारखं मोडलं. दुसरा जबड्यावर. तिसऱ्याच्या वेळी धाकट्यानं वस्तरा चालवला आणि थोरल्याची मांडी गुडघ्यापासून वरपर्यंत उघडली. मधली पोचली तेव्हा दोघंही मोरीच्या चिखलात एकमेकांच्या अंगावर पडलेले होते. धाकट्याचा एक डोळा बंद झाला होता आणि थोरला त्याच्या केसांना धरून त्याचं डोकं नळाच्या कठड्यावर आपटत होता, पण हातात ताकद उरली नव्हती, त्यामुळे नुसतं थोपटल्यासारखं दिसत होतं.

वहिनीसह तिघांना दवाखान्यात एकाच गाडीतून नेलं. गाडी धाकट्याचीच होती आणि चालवली गल्लीतल्या पाववाल्यानं. पोलिसांना दोघांनीही सांगितलं की पाय घसरून पडलो. या एका बाबतीत दोघं लहानपणापासून एका माळेचे मणी होते.

पुढं जे झालं ते मधलीनं तीस वर्षं मागितलं होतं. रोज सकाळी पट्टी बदलायला दोघं अपघात विभागातल्या त्याच लाकडी बाकावर बसायचे. एक मांडी लांब करून, एक जबडा तारेनं बांधून. पहिले दोन दिवस मध्ये तीन माणसांची जागा सोडून बसले. तिसऱ्या दिवशी जागा कमी झाली. आठव्या दिवशी ती पडद्याआड कुणाच्या तरी हातातून काच काढत असताना तिला बाकावरून हसण्याचा आवाज आला. धाकट्याचा जबडा बांधलेला, त्यामुळे तो नाकातून हसत होता. थोरला म्हणत होता, आपण दोघं येडे, एकमेकांची हाडं मोडतोय आणि मधे बसलेली मजा बघतेय. झाड तिचं, मुळं तिची, आणि पट्टीही तिचीच. झाड काढलं, दोन्ही भिंती पाडल्या, तर टेम्पो थेट वखारीत येईल. एकटीला एवढी जागा लागते कशाला?

तिच्या चिमट्यातून काच निसटली. समोरचा माणूस कळवळला. तिनं त्याची माफी मागितली आणि काच पुन्हा पकडली.

दोन महिन्यांनी, सुट्टीच्या दिवशी दुपारी, दोघं भाऊ एकाच दारातून तिच्या पट्टीत आले. असं आधी कधी झालं नव्हतं. थोरल्याच्या हातात वखारीतली पेट्रोलवर चालणारी करवत होती, धाकट्याच्या खांद्यावर दोर. मधली खुर्चीत बसून मटार सोलत होती. थोरला म्हणाला की आज हे उरकून टाकू, तू आत जा. ती म्हणाली, “दादा, जागा माझी आहे. झाड मी काढीन, पण भिंती राहतील.” थोरल्यानं ऐकलंच नाही अशा थाटात करवतीची दोरी ओढली. पहिलं खोड पडलं ते तिच्या खुर्चीवर. मटार मातीत सांडले. ती उठून दुसऱ्या खोडाला पाठ लावून उभी राहिली.

तेव्हा धाकट्यानं तिला उचललं. तिच्याहून सहा वर्षांनी लहान, जिच्या मांडीवर डोकं ठेवून ज्यानं टाके घालून घेतले, त्यानं तिच्या कमरेला हात घालून तिला पोत्यासारखं उचललं, स्वयंपाकघरात नेऊन जमिनीवर टाकलं आणि बाहेर जाऊन कडी लावली.

कडीचा आवाज तोच होता.

पुढच्या काही मिनिटांबद्दल तिनं नंतर न्यायाधीशबाईंना जे सांगितलं ते एवढंच, की मला काही आठवत नाही असं मी म्हणणार नाही, मला सगळं आठवतंय. बाहेर करवत चालू होती. खोडामागून खोड पडत होतं. तिनं स्टूल उचलून खिडकी फोडली, चौकटीतल्या काचा टॉवेलनं झाडल्या, सळई नव्हतीच, आणि त्या खिडकीतून ती बाहेर उतरली. उतरताना पोटरी चिरली, ते तिला कळलं. जळण फोडायची छोटी कुऱ्हाड खिडकीखालीच असायची. ती तिनं उचलली. करवत तेवढ्यात बंद झाली होती, थोरला पाठमोरा वाकून एक फुटवा मुळासकट ओढत होता आणि हसत हसत धाकट्याला काही सांगत होता. त्याचा उजवा हात खोडाला धरून ताणलेला होता. कोपराखाली, आतल्या बाजूनं, रक्ताची मोठी वाट कुठून जाते हे तिला जितकं माहीत होतं तितकं गल्लीत कुणाला माहीत नव्हतं.

तिनं तिथंच मारली.

आवाज ओलं लाकूड फोडल्यासारखा झाला. थोरला ओरडला नाही, नुसता मागे वळला, आणि रक्त उडालं ते तिच्या तोंडावर, धाकट्याच्या जबड्यावर, पडलेल्या तुऱ्यांवर. तुरे आधीच लाल होते, त्यांच्यावर काही दिसलं नाही. तिनं कुऱ्हाड पुन्हा उचलली. ती खाली यायच्या आधी थोरला घसरत तिच्या पायापाशी बसला, तिच्याकडे बघत. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती होती, आणि त्या भीतीखाली ओळख. तो म्हणाला, “बाबांचा हात आहे गं तुझा.”

कुऱ्हाड तिच्या हातातून गळाली. तिनं स्वतः टाकली असं ती कधीच म्हणाली नाही.

आणि मग तीस वर्षांची सवय धावून आली. तिनं दोन्ही अंगठे जखमेत घातले आणि सगळा भार टाकला. धाकटा भिंतीला धरून ओकत होता. तिनं त्याला शांत आवाजात सांगितलं की खांद्यावरचा दोर दे, एक काडी तोड, बोटभर जाडीची. त्यानं झाडाचीच काडी तोडली. तिनं दंडाला दोर गुंडाळला, काडी घालून पिळला, रक्त थांबेपर्यंत पिळत राहिली, आणि वहिनीला हाक मारून सांगितलं की घड्याळात किती वाजले ते बघून लक्षात ठेवा, दोर जास्त वेळ ठेवता येत नाही. वहिनी एका पायावर लंगडत आली आणि वेळ सांगितली. तिचा आवाज अजिबात हलला नाही. या घरात आल्यापासून तिनं पुष्कळ पाहिलं होतं.

दवाखान्यात तिच्याच विभागात नेलं. नवा डॉक्टर होता, तिनंच त्याला पहिल्या महिन्यात हात धरून टाके शिकवलेले. थोरला म्हणाला, करवत निसटली. डॉक्टरनं जखम पाहिली, मग टाकेबाईंचं तोंड पाहिलं, केसांत अडकलेलं रक्त पाहिलं. करवतीची जखम फाटते, बाई, असं तो हळूच म्हणाला, ही तर कापलीय. तिनं नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. घरात सगळे पाय घसरूनच पडत आले होते, त्यात आणखी एक.

“मी कुऱ्हाड मारली,” ती म्हणाली. “दोनदा मारणार होते.”

थोरला पलंगावरून तिच्यावर ओरडला, की गप बस, कुणी विचारलंय तुला. आयुष्यात पहिल्यांदा तो तिला वाचवायला ओरडत होता. तिनं ऐकलं नाही. दारातल्या पोलिसाला तिनं पुन्हा तेच सांगितलं, मुळाक्षरं सांगावीत तसं.

खटला लांबला नाही, कारण नाकबूल करायला कुणी नव्हतं. थोरला साक्षीला उभा राहून म्हणाला की आम्हीच आधी तिच्या जागेत घुसलो. धाकटा मात्र म्हणाला की ती खिडकीतून उतरली तेव्हा तिच्या तोंडावर काहीच नव्हतं, राग पण नाही, आणि मला अजून झोपेत ते तोंड दिसतं. न्यायाधीशबाईंनी तिला दीड वर्षाची शिक्षा दिली आणि दोर बांधल्याबद्दल चार ओळी चांगल्या लिहिल्या. नोकरी गेली.

तुरुंगात काय सोसलं ते ती सांगत नसे. एक गोष्ट मात्र तिनं वहिनीला सांगितली होती. एका तरुण बाईनं दुसरीच्या गालावर पत्र्याचा तुकडा ओढला, तेव्हा सगळ्या बायका टाकेबाईंकडे पळाल्या, आणि हिच्या मनात पहिल्यांदा आलं ते जखमेबद्दल नव्हतं. मनात आलं की पत्रा दोन बोटं खाली लागला असता तर काम झालं असतं. तिनं जखम नीट दाबली, डॉक्टर येईपर्यंत धरून ठेवली. पण तो विचार आपला होता, आणि तो नवीन नव्हता, हे तिला कळलं. आयुष्यभर आपण बंद दाराच्या आत होतो म्हणून वाचलो असं ती समजत आली होती.

ती सुटून आली तेव्हा पट्टी ओळखू येत नव्हती. भावांनी सगळी खोडं कापली होती, भिंती पाडल्या होत्या, मध्ये खडी अंथरून टेम्पोची वाट केली होती. आणि त्या वाटेवर, वखारीत, धाकट्याच्या अंगणात, तिच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला चिकटून, गुडघाभर, कमरेइतके, शेकड्यांनी फुटवे उभे होते. एवढ्यानं भागलं नव्हतं. वाटेवरून दोघा भावांचं पुन्हा बिनसलं होतं. थोरल्याच्या उजव्या हाताची तीन बोटं वळत नव्हती, यंत्र दुसऱ्या माणसाला चालवायला द्यावं लागलं होतं, आणि एक दिवस धाकट्यानं टेम्पो मागे घेताना त्याला भिंतीशी चेपता चेपता ब्रेक दाबला. चुकून की मुद्दाम, हे दोघांनाही सांगता येईना. त्या रात्री धाकटा बायकोपोरांसह घर सोडून गेला. तो परत आला नाही. गेल्याचं बरं केलंस, असं पत्र मधलीनं त्याला पाठवलं. उत्तर आलं नाही.

सुटून आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कुदळ घेतली.

झाड कापून मरत नाही हे आता सगळ्यांना कळलं होतं. ती खडी बाजूला सारायची, मूळ शोधायची, आणि ते जिथवर जाईल तिथवर त्याच्या मागे खणत जायची. मनगटाएवढी मुळं, पिवळी, चिकट, कुठं दोन खोल्यांखालून गेलेली. कुठं टोक तुटलं तर महिन्यानं तिथं नवा फुटवा आणि पुन्हा खणणं. वहिनीनं विचारलं की ताई, एवढं तुम्हाला आवडत होतं ना. मधलीनं सांगितलं की हो, अजूनही आवडतं. मी त्याच्यासाठी माणूस मारलं असतं, म्हणून काढतेय.

तिसऱ्या महिन्यात थोरला आला. उकिडवा बसला, आणि ती खणून मोकळं करेल ते मूळ डाव्या हातानं ओढायला लागला. उजव्या हाताची जी दोन बोटं चालत होती त्यांनी माती झटकायचा. दोन उन्हाळे गेले. त्यात ते किती बोलले असतील ते एका पानावर मावेल. एकदा त्यानं विचारलं, “दुसऱ्यांदा खरंच मारली असतीस?”

“मारली असती.”

त्यानं मान डोलावली, जशी एखाद्या मापाची खात्री झाल्यावर डोलवावी तशी, आणि पुढचं मूळ धरलं.

शेवटचा फुटवा निघाला त्याला आता पाच वर्षं झाली. पट्टीत तिनं भेंडी, टोमॅटो आणि थोडे कांदे लावलेत. सकाळी थोरला चहाचा कप घेऊन येतो आणि बांधावर बसतो. ती वाफे करते, तो कुठं तण राहिलंय ते बोटानं दाखवतो. कधी चार शब्द होतात, कधी तेही नाहीत. फक्त तिनं माती फोडायला कुदळ डोक्यावर नेली की तो कप सांभाळत दोन पावलं मागे सरकतो. ती ते बघते. कुदळ थोडी कमी उंच उचलते, आणि आपलं काम करत राहते.